रोलच्या शेवटी उरलेले मित्र

मागच्या महिन्यात लातूरहून माझ्या एका मित्राची मुलगी आमच्याकडे आली होती. मी तिला दोन वेण्यांत शाळेत जाताना पाहिलेलं, आणि आता तिचीच मुलगी कॉलेजात आहे. चहा झाला, सगळ्यांच्या तब्येतीच्या चौकशा झाल्या, आणि मग तिनं पर्समधून एक ब्लॅक अँड व्हाइट फोटो काढून टेबलावर ठेवला. फोटो मीच काढलेला, मीच धुतलेला आणि मीच तिच्या हातात दिलेला.

"काका," ती म्हणाली, "इतकी वर्षं हा आमच्या देवघराशेजारी आहे. परवा लेकीनं विचारलं, आजोबांचे हात कुठं आहेत? तेव्हापासून मलाही तेच दिसतंय. दंड आहेत, कोपर आहे, पुढं काहीच नाही. हात कापलेत का तुम्ही?"

मी हो म्हणालो. का कापले, हे सांगायला मात्र दोन तास लागले. तिला सांगितलं ते इथे लिहून ठेवतो. घरातली पोरं वाचतील, आणि ज्यांच्या माळ्यावर जुन्या निगेटिव्हचे डबे पडून आहेत त्यांनाही उपयोग होईल. मी शाळेत इतिहास शिकवला, त्यामुळे सुरुवात जरा लांबून करण्याची खोड आहे. सांभाळून घ्या.

आमचा मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात. या राज्याला फोटोग्राफीचं वावडं होतं असं कुणी म्हणू नये. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्या दरबारी राजा दीनदयाळ हे फोटोग्राफर होते. मूळचे मेरठजवळच्या सरधन्याचे. जन्म १८४४ चा. रुरकीला शिकले, इंदूरला सरकारी नोकरी केली आणि कॅमेऱ्याच्या नादानं हैदराबादला पोचले. निजामानं त्यांना 'मुसव्विर जंग' असा किताब दिला. सिकंदराबादला त्यांचा मोठा स्टुडिओ होता, पुढे मुंबईलाही निघाला. १८९२ साली त्यांनी हैदराबादेत पडद्यातल्या स्त्रियांसाठी वेगळा जनाना स्टुडिओ काढला आणि तो चालवायला एक इंग्रज बाई ठेवल्या. महाल, शिकारी, लवाजमे, वेरूळची लेणी, सगळं त्यांच्या काचांवर उतरलं. देशात त्यांच्या तोडीचे फोटोग्राफर त्या काळी फार थोडे होते.

पण आमच्यासारख्यांचे चेहरे? ते शोधायला गेलं की एक फोटो हमखास समोर येतो. १८९९-१९०० च्या दुष्काळातला. जागा तेव्हाचं औरंगाबाद. हाडांचे सापळे झालेली माणसं कॅमेऱ्यासमोर ओळीनं मांडलेली आहेत. दुष्काळात सरकारनं केलेल्या कामाची नोंद म्हणून जे फोटो काढले गेले त्यांतला हा. खाली इंग्रजीत मथळा आहे, त्याचा मराठीत अर्थ होतो 'कृशतेचे नमुने, औरंगाबाद'. नमुने! माणसाचं नाव नाही, गाव नाही. दीनदयाळ यांच्या कलेला मी नावं ठेवत नाही. त्यांना जे काम सांगितलं ते त्यांनी उत्तम केलं. पण समोरच्या माणसाला कुणी विचारलं असेल का, की बाबा, तुला कसं दिसायचं आहे?

ती त्या काळाची रीतच होती म्हणा. १८६८ ते १८७५ या काळात इंग्रजांनी हिंदुस्थानातल्या जातीजमातींच्या फोटोंचे आठ खंड काढले. त्यातही माणसं अशीच, कीटक टाचणीला लावून ठेवावेत तशी. म्हणजे आमच्याकडे ज्याच्याजवळ पैसा त्याचा फोटो त्याच्या मर्जीनं निघायचा, आणि ज्याच्याजवळ काहीच नाही त्याचा दुसऱ्याच्या मर्जीनं.

मधल्या माणसांचा निघायचाच नाही. आमच्या घरात आजोबांचा एकच फोटो आहे आणि तो ते गेल्यावर खुर्चीत बसवून काढलेला. डोक्याला पागोटं, डोळे मिटलेले, मागून कुणीतरी मान धरलेली. आजीचा तोही नाही. फोटो काढला की आयुष्य कमी होतं यावर तिचा पक्का विश्वास होता, आणि ती नव्वदीच्या घरात जाऊन गेली, त्यामुळे तिचं चूक होतं असंही कुणाला म्हणता आलं नाही. :)

आता माझ्याकडे येतो. १९७० साली मी नांदेडला पीपल्स कॉलेजात बी.ए.ला आलो. हे कॉलेज स्वामी रामानंद तीर्थांच्या पुढाकारानं १९५० साली सुरू झालेलं. मराठवाड्यातल्या खेड्यापाड्यांतून आलेली, घरात पहिल्यांदाच कॉलेजचं तोंड पाहणारी पोरं तिथे शिकत. नरहर कुरुंदकर तेव्हा तिथे होते. त्यांचं व्याख्यान असलं की सभागृहात पाय ठेवायला जागा नसायची. अशा सभांचे फोटो निघत, पण ते व्यासपीठाचे. समोर जमिनीवर बसलेल्या आम्हा पोरांचे कोण काढणार? आमचे फोटो निघायचे परीक्षेच्या नाहीतर नोकरीच्या अर्जापुरते. पासपोर्ट साईज, तीन कॉप्या, मान ताठ, श्वास रोखलेला.

महिन्याचा खर्च भागेना म्हणून मी वजिराबादेत एका फोटो स्टुडिओत संध्याकाळचं काम धरलं. मालकांना सगळे चाचा म्हणत. पुढच्या खोलीत रंगवलेला पडदा, त्यावर जिना, खांब आणि कमळाचं तळं. मागच्या खोलीत काळं कापड डोक्यावर घेऊन वापरायचा जुना लाकडी कॅमेरा. त्याच्याही मागे डार्करूम. लग्नाला जाताना चाचा यशिका नेत. हा दोन भिंगांचा कॅमेरा. पोटाजवळ धरायचा आणि वरून काचेत बघायचं. एका रोलवर बारा फोटो.

चाचांनी मला सगळं शिकवलं. अंधारात रोल डेव्हलपरमध्ये खालीवर कसा करायचा, मनात आकडे कसे मोजायचे, हायपोत किती वेळ ठेवायचं. ब्रोमाइड पेपरवर लाल दिव्यात चेहरा हळूहळू वर येतो तो क्षण मी शेकडो वेळा पाहिला असेल, पण दर वेळी घशाशी काहीतरी यायचं. हायपोबद्दल एक मजेदार गोष्ट मी नंतर वाचली. हायपोत चांदीचे क्षार विरघळतात हे १८१९ साली जॉन हर्शेल या शास्त्रज्ञानं शोधलं, आणि म्हणून आज फोटो टिकतो. याच हर्शेलचा म्हातारपणीचा एक अप्रतिम फोटो आहे. तो काढला त्यांच्या मैत्रिणीनं, १८६७ साली. ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन हे त्यांचं नाव. जन्म आपल्या कलकत्त्याचा. मुलगी-जावयानं कॅमेरा भेट दिला तेव्हा बाई अठ्ठेचाळीस वर्षांच्या होत्या. मग त्यांनी काय केलं, तर ओळखीच्या, मैत्रीतल्या माणसांना बसवून त्यांचे चेहरे काढत सुटल्या. त्या फोटोत हर्शेलचे पांढरे केस पिंजारलेले आहेत आणि डोळे तुमच्या आरपार बघताहेत. पगारी फोटोग्राफरला तो चेहरा मिळाला असता असं मला वाटत नाही.

चाचांकडे आणखी एक गोष्ट शिकलो ती रिटचिंगची. निगेटिव्हवर टोकदार पेन्सिलीनं बारीक बारीक काम करायचं आणि चेहऱ्यावरचे डाग, खड्डे भरून काढायचे. त्या वेळच्या तरुणांपैकी कितीतरी जणांच्या तोंडावर देवीचे व्रण असत. (देशातला देवीचा शेवटचा रुग्ण सापडला तो १९७५ साली, म्हणजे ही फार जुनी गोष्ट नाही.) मुलगी दाखवायची, फोटो पाठवायचा, व्रण घालवा. मुलगा दाखवायचा, व्रण घालवा. त्या काळचे स्टुडिओतले फोटो बघाल तर वाटेल, नांदेडात कुणाला देवी आल्याच नव्हत्या. पेन्सिलीनं आम्ही एक अख्खी साथ पुसून टाकली होती.

तर मित्रांचे फोटो कसे निघाले ते सांगतो. रोल विकत घेण्याची माझी ऐपत नव्हती. पण लग्नाच्या शेवटच्या रोलवर बऱ्याचदा एखाददुसरा फोटो उरायचा. रोल कॅमेऱ्यातच असायचा आणि धुवायची घाई असायची. एकदा मी भीत भीत विचारलं, "चाचा, ये आखरी वाला मैं लेऊं?" चाचा म्हणाले, "ले. मगर दीवार का नको ले, इन्सान का ले."

तिथून सुरुवात. यशिका घेऊन मी होस्टेलवर पळायचो आणि जो मित्र सापडेल त्याला बसवायचो. म्हणजे माझ्याकडच्या पट्ट्यांवर आधी नवरा-नवरीची पाठवणी असायची आणि शेजारच्या चौकटीत होस्टेलच्या गच्चीवर बनियनमध्ये बसलेला माझा मित्र. चाचा शेवटची चौकट कात्रीनं कापून मला देत. पाकिटं रद्दी कागदाची. तीन वर्षांत अशा एकतीस निगेटिव्ह जमल्या.

प्रत्येकाची एकच. दुसरा फोटो नव्हताच, त्यामुळे घाई करून चालायचं नाही. पोरं बसली की लगेच स्टुडिओसारखी ताठ व्हायची, दोन्ही हात गुडघ्यांवर आणि नजर भिंतीवर. मी काही बोलायचो नाही, नुसता वाट बघायचो. त्या कॅमेऱ्याची एक गंमत होती. फोटो काढणाऱ्याची नजर समोर नसते, मान खाली असते, नमस्कार केल्यासारखी. त्यामुळे बसलेल्या माणसाला कुणी रोखून बघतंय असं वाटत नाही. हळूहळू खांदे उतरायचे, कुणीतरी मागून शिवी हासडायचा, याच्या तोंडावर हसू यायच्या आधीचं काहीतरी यायचं. तेव्हा बटण दाबायचं. चाचांचा दुसरा नियम, "धूप में नको बिठा, आंखां मिच लेते लोगां. साये में बिठा." चुन्याची पांढरी भिंत आणि गच्चीवरची दुपारची सावली, हाच माझा स्टुडिओ.

त्यात कंधारचा एक आहे, ज्यानं कॉलेजची तिन्ही वर्षं एका पायजम्यावर काढली. कापडगिरणीतल्या कामगाराचा मुलगा आहे. त्याला भोंग्याच्या आवाजावर वेळ सांगता यायची. गुरुद्वाऱ्याजवळ राहणारा एक सरदार मित्र आहे, जो आमच्यापेक्षा शुद्ध मराठी बोलायचा. अर्धापूरचा एक आहे, घरून आला की केळी आणायचा आणि सगळ्यांना पोटभर घालायचा. देगलूरचा एक आहे, ज्याच्या तोंडावर देवीचे व्रण होते. त्याला मी म्हणालो, "पेन्सिलीनं घालवू का?" तो म्हणाला, "राहू दे बे. ते माझेच आहेत." मी राहू दिले. त्या क्षणी मला काहीतरी समजलं, पण काय समजलं हे शब्दांत मांडायला पुढे पन्नास वर्षं लागली.

आता मूळ गोष्ट. १९७२ चा दुष्काळ. ज्यांनी पाहिला त्यांना सांगायला नको, आणि ज्यांनी पाहिला नाही त्यांना सांगून कळत नाही. पाऊस लागोपाठ दगा देत होता. विहिरी आटल्या, जनावरं मातीमोलानं गेली. रेशनवर अमेरिकेची लाल मिलो यायची. शेतकरी बायका-पोरांसह सरकारी दुष्काळी कामावर जाऊन खडी फोडत होते, रस्त्याला मुरूम टाकत होते, तलाव खोदत होते. कामावर सुकडी मिळायची. आज मराठवाड्यातल्या ज्या कितीतरी रस्त्यांवरून गाड्या पळतात त्यांची खडी त्या वर्षी हातांनी फुटली आहे.

माझ्या खोलीत राहणारा मित्र औसा तालुक्यातला. लातूर तेव्हा जिल्हा नव्हता, उस्मानाबाद (आताचं धाराशिव) जिल्ह्यातला तालुका होता. वेगळा जिल्हा झाला तो १९८२ साली. नांदेडहून त्याच्या गावाला जायचं म्हणजे लोहा, अहमदपूर, लातूर असा एस.टी.चा दिवसभराचा प्रवास. दिवाळीच्या सुट्टीत तो गावी गेला आणि परत आला तो वीस दिवस खडी फोडून. आईला सांगितलं होतं, दुसऱ्या गावी मित्राकडे अभ्यासाला जातो. चार कोसांवर दुसऱ्या कामावर जाऊन, तिथेच झोपून त्यानं परीक्षेच्या फीचे पैसे जमवले. आईला वाटत होतं, कॉलेजात शिकणाऱ्या आपल्या लेकाच्या हातात पुस्तक सोडून काही येऊ नये.

डिसेंबरमध्ये एका रोलवर शेवटची चौकट उरली आणि मी त्याला बसवलं. अंगात स्वच्छ धुतलेला सदरा, केसांना तेल. तो जोत्यावर बसला, कोपरं मांड्यांवर, हात समोर. हात बघवत नव्हते. फोड फुटून गेलेले, एका बोटाला चिंधी, नखं काळी.

"एक कापी मला दे," तो म्हणाला. "आईला धाडायचीय. पण हात येऊ देऊ नको. ती रडत बसंल."

मी म्हणालो, "असाच बस. चांगला दिसतोयस. छापताना खालचा भाग सोडून देतो."

त्यानं माझ्याकडे बघितलं आणि मी बटण दाबलं.

आणि ती कापी मी त्याला दिली नाही.

कारणं सांगतो, पण ती कारणंच आहेत. फोटो धुवायला पाणी लागतं, भरपूर लागतं. हायपोतून काढलेला कागद वाहत्या पाण्यात तासभर ठेवला नाही तर त्यात हायपो राहतो आणि काही वर्षांत फोटो पिवळा पडतो. त्या हिवाळ्यात चाचांच्या दुकानात पाणी विकत यायला लागलं होतं. उन्हाळ्यापर्यंत तर बादल्या मोजून. चाचांनी सांगून टाकलं, गिऱ्हाईकाचं काम सोडून एकही कागद भिजवायचा नाही. माझ्या त्या निगेटिव्हच्या कडेला आजही एक पिवळट पट्टा आहे, तो त्या कमी पाण्याचा. म्हणजे दुष्काळ फोटोच्या आत शिरला तो असाही.

पण १९७३ ला पाऊस झाला. पाणी आलं. तोवर आमची परीक्षा होऊन गेली होती, होस्टेल सुटलं होतं. मला लातूरला शाळेत नोकरी लागली, तो गावाकडे शेती आणि पोस्टाचं काम बघू लागला. बाजारच्या दिवशी गंजगोलाईत भेटायचा. गोलाईच्या भोवती चक्कर मारत आम्ही तासन् तास बोलायचो. निघताना न चुकता म्हणायचा, "गुरुजी, माझी कापी?" आणि मी न चुकता म्हणायचो, "पुढच्या वेळी नक्की." लग्न झालं, मुली झाल्या. रंगीत फोटो आले, मलाही वाटायला लागलं की आता कोण बघतंय ते काळे-पांढरे. एकवीस वर्षं गेली. मी रोज इतिहास शिकवत होतो आणि कपाटात एकतीस निगेटिव्ह पडून होत्या.

१९९३ साली २९ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून माणसं उशिरा झोपली होती. ३० तारखेला पहाटे चारच्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला. लातुरात आमचं घर गदगदा हललं, भांडी पडली, आम्ही रस्त्यावर आलो. त्यापलीकडे आम्हाला काही झालं नाही. औसा आणि उमरगा भागातल्या गावांत मात्र दगडामातीच्या रुंद भिंती आणि त्यांवर मातीचं जड माळवद, ते सगळं झोपलेल्या माणसांवर आलं. आठ-दहा हजार माणसं गेली. पुढे बावन्न गावं नव्या जागी वसवावी लागली.

माझा मित्र गेला. त्याची बायको गेली, धाकटी मुलगी गेली. आई वाचली, कारण ती अंगणात बाजेवर झोपली होती. थोरली मुलगी लातूरला मावशीकडे शिकायला होती, म्हणून ती वाचली. हीच ती, मागच्या महिन्यात आलेली.

दहा-बारा दिवसांनी मी गेलो तेव्हा म्हातारी पत्र्याच्या शेडमध्ये बसली होती. तिनं मला ओळखलं. रडली नाही. म्हणाली, "त्याचा एक फोटू असंल का रं तुझ्याकडं? घरातलं काईच घावंना."

एक गोष्ट लक्षात घ्या. आज आपल्या खिशातल्या फोनमध्ये एका माणसाचे हजार फोटो असतात. पण तेव्हा गावातल्या कितीतरी माणसांचा उभ्या जन्मात एकही फोटो निघालेला नव्हता. निवडणूक आयोगानं मतदारांना फोटोचं ओळखपत्र द्यायचं ठरवलं तेच १९९३ साली, आणि ते गावोगाव पोचायला आणखी वेळ गेला. ज्यांचे फोटो होते, ते लग्नातले, भिंतीवर लावलेले. भिंतीच राहिल्या नाहीत.

मी घरी आलो, पाकीट काढलं आणि एस.टी. धरून नांदेड गाठलं. चाचा थकले होते, दुकान मुलगा बघत होता आणि सगळं काम रंगीत झालं होतं. पण मागच्या खोलीत जुना एनलार्जर कापडानं झाकून ठेवलेला होता. मी काय झालं ते सांगितलं. चाचांनी मुलाकडून ब्रोमाइड पेपर मागवला, लाल दिवा लावला आणि स्वतः स्टुलावर बसून राहिले. चेहरा पाण्यातून वर आला. वीस वर्षांचा. तोच सदरा, तेच तेल लावलेले केस. हात येऊ देऊ नको म्हणाल्यावर त्यानं माझ्याकडे जसं बघितलं होतं, तसंच बघत होता.

चाचा म्हणाले, "अब पानी की कमी नै. अच्छा धो." मी दोन तास धुतला.

एनलार्जरखाली कागद सरकवताना मी थांबलो होतो. हात घ्यायचे की नाही? आता दुष्काळ संपून वीस वर्षं झाली होती, लपवण्यासारखं काय राहिलं होतं? पण ज्या आईला ते हात दिसू नयेत असं तो म्हणाला होता ती आई जिवंत होती, फोटो तिच्यासाठीच होता, आणि मी शब्द दिला होता. एकवीस वर्षं मोडलेल्या शब्दातला निदान अर्धा तरी पाळू म्हटलं. खालचा भाग सोडून दिला. दोन कॉप्या काढल्या, एक म्हातारीला आणि एक मुलीला. म्हातारीनं फोटो डोळ्यांजवळ धरला, पदरानं पुसला आणि म्हणाली, "कालिजात असतानाचा हाय. हाडकुळा झालता तवा." तेवढंच.

ती २००४ साली गेली.

मागच्या महिन्यात हे सगळं ऐकल्यावर मुलगी बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "आता तरी दाखवा." माझ्या नातवानं एकतीसही निगेटिव्ह स्कॅन करून ठेवल्या आहेत. त्यानं पडद्यावर पूर्ण चौकट उघडली. ती खुर्ची पुढे ओढून त्या हातांकडे बघत राहिली. चिंधी, फोड, काळी नखं, सगळं स्वच्छ दिसतं. चाचांच्या यशिकाचं भिंग उत्तम होतं.

मी बरोबर केलं की चूक, याचा मी बराच विचार केला. इतिहासाचा शिक्षक म्हणून म्हणाल तर ते हात म्हणजेच १९७२ साल. ते कापले की उरतो एक तेल लावलेला तरुण, कुठल्याही वर्षातला. पण तेव्हा मला तो १८९९-१९०० चा फोटो आठवतो. त्या माणसांच्या फासळ्या दाखवायच्या की नाही हे त्यांना कुणी विचारलं नाही. दुष्काळ दिसायला हवा होता, माणूस नाही दिसला तरी चालणार होतं. माझ्या मित्रानं सांगितलं होतं की माझा दुष्काळ माझ्या आईला दिसू देऊ नको. देगलूरच्या मित्रानं सांगितलं होतं की माझे व्रण राहू दे. मित्रानं काढलेल्या फोटोत आणि इतर फोटोंत मला एवढाच फरक दिसतो, की इथे समोर बसलेल्याचं म्हणणं चालतं. म्हणूनच कदाचित ते चेहरे असे मोकळे आले असावेत. माझी कारागिरी त्यात फार नाही.

त्याची अट आईपुरती होती, आणि आई आता नाही. मुलीला ते हात बघायचा हक्क आहे असं मला वाटलं. पूर्ण फोटो छापून दिला. जुनाही तिनं परत नेला. म्हणाली, दोन्ही शेजारी शेजारी ठेवते.

असो. लांबलं. आता नातेवाइकांना आणि वाचकांना एक विनंती. माळ्यावरचे, ट्रंकेतले जुने ब्लॅक अँड व्हाइट फोटो आणि विशेषतः निगेटिव्ह टाकून देऊ नका. प्लॅस्टिकच्या पिशवीत दमट जागी ठेवू नका, चिकटतात. कोऱ्या कागदाच्या पाकिटात ठेवा. नीट धुतलेली असतील तर ती तुमच्या रंगीत फोटोंपेक्षा जास्त टिकतील. ऐंशीच्या दशकातले आमच्याकडचे रंगीत फोटो केव्हाच तांबूस पडलेत. मागे नावं लिहा, मऊ पेन्सिलीनं, बॉलपेननं नको. आणि हे काम घरातली म्हातारी माणसं आहेत तोवर करा. माझ्या एकतीसपैकी सत्तावीस जणांची नावं मला सांगता येतात. चौघांची येत नाहीत. एकेकाळी मी त्यांना हाक मारून गच्चीवर बोलावलं असणार, शिव्याही दिल्या असणार. आता चेहरा दिसतो, हसण्याची लकब आठवते, नाव आठवत नाही.

१९७० ते १९७३ या काळात पीपल्स कॉलेजात जे कुणी होते, किंवा ज्यांचे वडील-आजोबा होते, त्यांनी एकदा घरी येऊन ते चार चेहरे बघून जावेत. चहा आमच्याकडे. ओळख पटली तर कापी तिथल्या तिथे देईन. पुढच्या वेळी नक्की, असं आता कुणालाही म्हणत नाही.